बिजागऱ्यांची खोली

मुलगा मालक तिसऱ्या कंपनीचा सर्वोच्च अधिकारी झाला त्या आठवड्यात माईंना झोप लागली नाही. आनंदाने लागली नसेल, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली. "मुलाचं एवढं झालं म्हटल्यावर कसली झोप!" असं आत्या फोनवर ज्याला त्याला सांगत होत्या. आत्या म्हणजे माईंच्या नणंद. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे त्या फोनवर जे बोलत ते फोनशिवायही पलीकडे पोचत असावं.

माईंची झोप उडाली होती ती मालकच्याच एका फोनमुळे. रविवारी तो जेवायला येणार होता आणि येताना कंपनीची तपासनीस घेऊन येणार होता.

"तुमच्या भागात एक टोळी आहे, आई," तो म्हणाला होता. "बिजागऱ्यांची. खोटी खरेदी करतात. सर्वोच्च झाल्यावरचं माझं पहिलं काम. मी स्वतः येऊन पकडणार आहे."

माई "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला आणि जिन्याकडे बघत बसल्या.

मालक हे काही त्याचं कागदावरचं नाव नव्हतं. लहानपणी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर चढून बसायचा आणि आलेल्या प्रत्येकाला "मी मालक" म्हणून सांगायचा, ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो कशाचाच मालक झाला नाही. दुसऱ्यांचे ऑनलाइन बाजार चालवत गेला. पहिल्या कंपनीत लोक घरातलं जुनं सामान विकायचे. काही हुशार लोकांनी शेजाऱ्यांचं सामान विकायला काढलं आणि कंपनी बसली. मालक मोठ्या पगारावर दुसरीकडे गेला. तिथे फक्त हातांनी बनवलेल्या वस्तू मिळत. वर्षभरात त्या हातांनी बनवण्याचा एक प्रचंड कारखाना उभा राहिला. तीही बसली, आणि मालक आणखी वर गेला. कंपनी खाली जाते तेव्हा हा वर कसा जातो, हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. अभिमान मात्र सगळ्यांना होता.

तो तिसऱ्या कंपनीत गेला त्याच वर्षी अण्णांनी दुकानाचं शटर ओढलं. "अण्णा, दुकानांचे दिवस संपले," मालक म्हणाला होता. प्रेमानेच म्हणाला होता. त्यानंतर अण्णा दाढी करायचे विसरू लागले. खिडकीत बसायचे आणि रस्त्यावरून कुणी गेलं की त्याच्याकडे गिऱ्हाईक असल्यासारखं बघायचे. माईंना ते बघवत नसे.

अशात वरच्या खोलीच्या दाराची बिजागरी मोडली. अण्णांजवळ बिजागरीचं नाव काढायचं म्हणजे जखमेवरची खपली काढण्यासारखं. म्हणून माईंनी दार सुतळीने चौकटीला बांधून ठेवलं, आणि मुलाच्याच कंपनीतून गुपचूप एक बिजागरी मागवली. खोकं आलं. खोक्यात खाकी कागदाचं पुडकं होतं, पुडक्याला सुतळी होती, आणि सुतळीला गाठ होती. एक टोक खाली सारलेलं, धरलं तर पक्की, ओढली तर बोटाने सुटणारी. जगात ती गाठ एकच माणूस बांधायचा, आणि तो त्या वेळी न्हाणीघरात शीळ घालत दाढी करत होता.

कट्ट्यावर बसायला जातो असं सांगून अण्णा कुठे जातात, ते माईंना त्या दिवशी कळलं. अर्धं शटर वर करून ते आत शिरत होते आणि मुलाच्या बाजारात, मुलाच्या नकळत, विक्रेते होऊन बसले होते. माल कंपनीच्या गोदामात जायचा, तिथे त्यावर गिऱ्हाइकाचा पत्ता चढायचा. आपला माल कुठे जातो हे अण्णांना दिसत नसे. जगात कुणालातरी आपली बिजागरी हवी आहे, एवढंच त्यांना कळलं होतं आणि तेवढ्यावर माणूस शीळ घालू लागला होता.

माईंनी ती गाठ सोडलीच नाही. सोडली तर बिजागरी दाराला लावावी लागणार, आणि दाराला लागली की अण्णा आपला माल ओळखणार. त्यांनी पुडकं तसंच वरच्या खोलीत ठेवलं, दार परत सुतळीने बांधलं आणि दुसरी बिजागरी मागवली.

मग तिसरी. एकाच घरातून किती मागवणार, म्हणून त्यांनी आत्यांना सांगितलं, धाकट्या दिरांना सांगितलं. "मालकच्या कंपनीला आपला तेवढाच हातभार. बिजागऱ्याच मागवा, मी सांगते त्याच विक्रेत्याच्या. नासत नाहीत." अण्णांचं नाव कुणाजवळ काढलं नाही. मग काय, सगळं गणगोत मालकच्या भल्यासाठी बिजागऱ्या मागवू लागलं आणि अण्णा कट्ट्यावर गेले की पिशव्यांतून आणून माईंच्या वरच्या खोलीत टाकू लागलं. खोली भरली. दार सुतळीवरच राहिलं.

रविवारी सगळे जमले. मालक आला, त्याने अण्णांना वाकून नमस्कार केला, माईंना मिठी मारली आणि मधोमध खुर्ची ओढून बसला. तपासनीस म्हणजे एक हडकुळी मुलगी निघाली. तिने ताटाशेजारी लॅपटॉप उघडून ठेवला आणि दोन्हीकडे सारख्याच भुकेने बघू लागली.

"काय करते ही?" आत्यांनी विचारलं. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला.

"ही खोटं गिऱ्हाईक वासावरून ओळखते," मालक म्हणाला. "आत्या, माझं आख्खं नाव त्याच्यावर उभं आहे. नियमच माझा आहे. विक्रेत्याची जवळपास सगळी गिऱ्हाइकं एकाच वर्तुळात सापडली, की विक्रेता कायमचा बंद."

काकांना ठसका लागला. हे माईंचे धाकटे दीर. गाडी शिकवण्याची शाळा चालवायचे आणि स्वतः भित्रे होते.

"आणि खरं गिऱ्हाईक कसं असतं?" अण्णांनी विचारलं. आज त्यांनी कॉलरचं बटणसुद्धा लावलं होतं.

"सांगतो. हे मी सगळ्या भाषणांत सांगतो." मालकने चमचा खाली ठेवला. "माझ्या फ्लॅटमधल्या कपाटाचं दार लोंबत होतं. मी आपल्याच साइटवरून बिजागरी मागवली. ड्रायव्हरने ती बसवली आणि मला एक स्क्रू आणून दिला. म्हणाला, साहेब, एक जास्तीचा आहे. पुड्यात एक स्क्रू जास्त! कुणी मागितला नव्हता. बघा, कुठल्यातरी विक्रेत्याने न बघितलेल्या माणसाचा विचार केला. बाजार म्हणजे हा विश्वास. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात."

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांचे कान लाल झालेले माईंनी पाहिले.

"एक पडतोच हातून," अण्णा हळूच म्हणाले. "बसवताना. म्हणून देतात काही जण."

"असेल," मालक म्हणाला आणि भाजी वाढून घेऊ लागला. लहानपणी याच मुलाने गल्ल्यावर बसून हजार वेळा तो जास्तीचा स्क्रू पुड्यात टाकला होता. माईंना वाटलं, उठावं आणि याचा कान धरावा.

"तर ही टोळी," मालक पुढे सांगू लागला. "एक विक्रेता. विकतो फक्त बिजागऱ्या. माल आपल्या गोदामात येतो आणि तिथून फिरून परत याच भागात. एवढ्या बिजागऱ्या लागायला इथे काय दारांची शेती आहे?"

"आमच्या गल्लीत दारं फार," काका घाईघाईने म्हणाले. "वाऱ्याने आपटतात."

"विक्रेता खरा असला तर?" अण्णांनी विचारलं. आवाज साधा होता, पण हात टेबलावर सपाट दाबून धरलेला होता.

"गिऱ्हाईक खोटं, तर विक्रेताही खोटा, अण्णा. तो माल कुणालाच नको असतो. फक्त आकडे फुगवायचे."

अण्णांनी हात टेबलावरून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. माई उठल्या. पाणी आणते म्हणाल्या आणि भरलेला तांब्या घेऊनच स्वयंपाकघरात गेल्या.

मागोमाग ताई आली. ही थोरली लेक. दातांची डॉक्टर, जिभेनेही टोचणारी.

"सांगून टाक त्याला," ताई म्हणाली. "सर्वोच्च ना तो? पचवेल. आई, मला एक सांग. मी दवाखाना काढला तेव्हा हातभार म्हणून कुणी एक दात तरी उपटून घेतला होता? त्याच्यासाठी आख्खं खानदान बिजागऱ्या विकत घेतंय!"

काकाही आत आले. "वहिनी, मी कबुलीजबाब देतो. आत्ताच. आधी कबूल केलं की सोडतात."

"कुणी काही कबूल करणार नाही," दारातून आत्या म्हणाल्या, स्वतःच्या समजुतीने कुजबुजत. बाहेर टेबलावरचे सगळे गप्प झाले.

"वन्सं, हळू!" माईंनी त्यांना आत ओढलं. "आणि तुम्ही सगळे ऐका. मालकचं काय व्हायचं ते होवो. तो पडला की वरच पडतो. मला त्याची काळजी नाही."

"मग?" ताई म्हणाली.

माईंनी तांब्या ओट्यावर ठेवला. इतकी वर्षं एकटीने धरून ठेवलेलं तोंडातून काढायला जड जात होतं. "तो विक्रेता म्हणजे अण्णा आहेत गं. कट्ट्यावर नाही जात ते. दुकानात जातात. त्यांना वाटतं, जग त्यांच्याकडून माल घेतंय. आणि जग म्हणजे मी आहे."

काका स्टुलावर बसले. ताईने आईकडे बघितलं, मग ओट्याकडे, मग नाक पुसलं.

"त्या बिजागऱ्या अण्णांच्या?" ती म्हणाली. "मी दोनदा तक्रार टाकली होती, आई. पुड्याची गाठ जुनाट आहे म्हणून." आणि मग एकदम पदर खोचावा तशा आवेशात, "काका, तुम्ही तोंड उघडलंत तर माझ्या खुर्चीत बसवून सगळे दात काढीन. त्या मुलीला मी बघते."

ताई बाहेर गेली आणि तपासनिसाशेजारी बसून तिच्या हिरड्या किती वाईट अवस्थेत आहेत ते समजावून सांगू लागली. मुलीने तोंड उघडून दाखवलं, पण एका हाताने ती लॅपटॉप चालवतच होती. पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर लाल ठिपके होते.

"थर, थीपके झवळ झवळ येतायत," ती म्हणाली.

"काय?"

तिने तोंड मिटलं. "सर, ठिपके जवळजवळ येतायत. हा बघा एक, गाडी शिकवायच्या शाळेवर. हा दातांच्या दवाखान्यावर. हा एका निवृत्त बाईंच्या घरी. आणि सगळ्यात मोठा ठिपका..." तिने पडदा जवळ आणला, मग मान वर करून खोलीकडे बघितलं, मग परत पडद्याकडे. "नेटवर्क गंडलंय बहुतेक. आपण बसलोय तिथेच दाखवतंय."

"गंडलंच असणार," आत्या गरजल्या. "या घरात नेटवर्क नाही!"

तेवढ्यात बेल वाजली. माईंनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी जीभ चावली. मालकच्या बढतीच्या आनंदात त्यांनी मोठी ऑर्डर टाकली होती, आणि रविवारी आपण इथेच असणार म्हणून पत्ता इथलाच दिला होता.

दार अण्णांनीच उघडलं. बाहेर कंपनीचा पार्सलवाला उभा होता, छातीशी मोठं खोकं धरून. खोक्यामागून त्याला अण्णा दिसलेच नाहीत.

"माई, आजचं जरा जड आहे," तो म्हणाला. "नेहमीसारखं वरच ठेवू ना? उठू नका, मला माहीत आहे सगळं." आणि घरचा माणूस जसा जाईल तसा सगळ्यांच्या मधून जिना चढून गेला.

"अहो, थांबा!" माई ओरडल्या.

वर त्याने सवयीने सुतळी सैल केली. पण आज खोली दारापर्यंत भरलेली होती, कारण तपासनीस येणार म्हणून काकांनी घाबरून आपल्याकडच्या उरल्यासुरल्या बिजागऱ्या सकाळीच आणून कोंबल्या होत्या. आधी करकर झाली. मग दार चौकटीतून निघून आडवं पडलं, आणि त्याच्यावरून खोकी जिन्याने खाली येऊ लागली. एकामागून एक, घाई न करता, लग्नाच्या पंगतीला उठल्यासारखी. त्यांच्या मागोमाग सगळ्यात वरच्या खोक्यावर बसून पार्सलवाला आला. शेवटचं खोकं पायरीवर फुटलं आणि त्यातली खाकी पुडकी घरंगळत अण्णांच्या पायाशी येऊन थांबली.

"सर," तपासनीस हर्षाने म्हणाली, "नेटवर्क बरोबर होतं."

अण्णा वाकले. त्यांनी एक पुडकं उचललं, अंगठ्याने गाठ चाचपली. मग दुसरं उचललं. मग जिन्यावर पसरलेल्या सगळ्या पुडक्यांकडे बघितलं. सगळ्या गाठी तशाच होत्या, जशा त्यांनी बांधल्या होत्या.

"एकही सोडलेली नाही," ते म्हणाले.

मालक उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून सर्वोच्चपण उतरत चाललेलं माईंना स्पष्ट दिसत होतं. त्याने गाठीकडे पाहिलं, वडिलांच्या अंगठ्याकडे पाहिलं. "अण्णा, तुम्ही? आणि आई, तू?"

"तू दुकान बंद केलंस त्यांचं," माई म्हणाल्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्या चिडल्या. "तू नाही, तुझ्या त्या बाजाराने. माणूस खिडकीत वाळत चालला होता. मी काय करायला हवं होतं? हो, खोटी खरेदी केली. टोळीची मुख्य मीच. पकड मला."

"मीपण आहे टोळीत!" आत्यांनी पुकारा केला.

काकांनी दोन्ही हात वर केले. ताई म्हणाली, "माझंही नाव लिही. आणि गाठीबद्दलच्या तक्रारी मागे घेतल्या म्हणून लिही."

अण्णा कुणाकडेच बघत नव्हते. ते खालच्या पायरीवर बसले. "म्हणजे कुणीच नव्हतं," ते म्हणाले. "मी रोज सकाळी उठून बांधायचो. वाटायचं, कुठेतरी कुणाच्या तरी दाराची उघडझाप होत असेल." त्यांचा आवाज फाटला. "एकही दार नाही."

ज्या एका वाक्याला माई इतकी वर्षं घाबरत होत्या, ते हेच होतं.

तपासनीस मान खाली घालून टाईप करत होती. तिला घरच्या गोष्टीत पडायचं नव्हतं, काम संपवायचं होतं. "सर, नियमाप्रमाणे विक्रेता बंद करते. फक्त एक नोंद जुळत नाहीये. सगळी गिऱ्हाइकं वर्तुळात आहेत, एक सोडून. एक पुडकं शहरात गेलंय." तिने पत्ता वाचला आणि मध्येच थांबली. "सर, हा तुमचा फ्लॅट आहे."

मालकने खिशात हात घातला. भाषणांत दाखवण्यासाठी तो स्क्रू तो नेहमी जवळ ठेवायचा. त्याने तो काढला आणि तळहातावर धरून वडिलांपुढे केला.

"अण्णा, मी ओळखलं नाही," तो म्हणाला. "हजार लोकांना दाखवला हा. मला ओळखता आला नाही."

अण्णांनी स्क्रू उचलला, डोळ्यांजवळ नेला. "दार नीट लागतं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"लागतं. अजिबात वाजत नाही."

"हं." अण्णांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग दुकानदारासारखा विचार करत म्हणाले, "म्हणजे एक गिऱ्हाईक होतं."

"सर, एकाने भागत नाही," तपासनीस म्हणाली. "नियमात बसत नाही. बटण तुम्हालाच दाबायचंय."

मालकने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. "दाब. नियम तुझा आहे. लोकांपुढे एक आणि घरात एक, असं नको." मालकने बटण दाबलं. काही आवाज झाला नाही. पडद्यावरचे लाल ठिपके एकेक करून विझले, सगळ्यात शेवटी घरावरचा.

"रागावलात?" माईंनी विचारलं.

"रागावू?" अण्णा म्हणाले. "अगं, आयुष्यात एवढं मोठं गिऱ्हाईक नाही मिळालं मला. घासाघीस नाही, उधारी नाही, बदलून मागितलं नाही. फक्त एक चुकलं तुझं. वर दार सुतळीवर लोंबतंय आणि खोलीत दुकानभर बिजागऱ्या. का नाही बसवलीस एक?"

"तुम्ही ओळखली असती."

"ओळखली असती," अण्णांनी कबूल केलं.

मग त्यांनी एका पुडक्याचं टोक ओढलं. इतकी वर्षं बांधलेली गाठ एका बोटाने सुटली. पेचकस त्यांच्याजवळ होताच, नेहमी असायचा. "मालक, दार उचल. नुसता उभा राहून बाजार चालत नाही." मालक कोट काढून जिना चढला आणि पार्सलवाल्याच्या मदतीने दार उचलून चौकटीला लावून उभा राहिला. आत्या खालून "थोडं डावीकडे, थोडं डावीकडे!" असं पुकारत होत्या. अण्णा पुडकं घेऊन वर आले आणि एकेक स्क्रू पिळत गेले. शेवटचा स्क्रू त्यांच्या बोटांतून सुटला, पायऱ्यांवरून टणटण उड्या मारत खाली गेला आणि खोक्यांखाली दिसेनासा झाला.

"पडला," अण्णा म्हणाले आणि त्यांनी न बघता हात मागे केला.

मालकने पुड्यातला जास्तीचा स्क्रू काढून त्यांच्या हातावर ठेवला.